शेवटच्या लोकलच्या आत: ठाण्याहून गिगला जाणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात नौपाड्याला राहतो आणि 2011 पासून स्वतंत्र कलाकारांच्या गिगला, म्हणजे त्यांच्या थेट संगीत कार्यक्रमांना, जातो. कार्यालयातले सहकारी, आमच्या इमारतीतली कॉलेजची मुले आणि कधी कधी त्या मुलांचे आईवडील मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. नवी मुंबईकरांचा रेल्वेमार्ग वेगळा आहे, पण बाकीचे बहुतेक सगळे त्यांनाही लागू पडेल.

'इंडी' म्हणजे नेमके कोणते संगीत?

हे नाव चालीवरून किंवा वाद्यांवरून पडलेले नाही. चित्रपटाचा किंवा मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीचा आधार न घेता जो कलाकार स्वतःची गाणी स्वतः रचतो, पदरमोड करून ध्वनिमुद्रित करतो आणि स्वतःच ती लोकांपर्यंत नेतो, त्याच्या संगीताला सैलपणे 'इंडी' म्हटले जाते. म्हणून दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचे जॅझकडे झुकणारे संगीत, कोचीच्या व्हेन चाय मेट टोस्टची फोक वळणाची गाणी आणि मुंबईच्या भयानक मौतचे कर्कश मेटल एकाच शब्दाखाली येते. मुंबईत या संगीताचा श्रोतावर्ग नवा नाही. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 1986 पासून इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव होत असे आणि हजारो मुले उभ्याने तो ऐकत असत. परिसरात रुग्णालये असल्याने शांतता क्षेत्राचा नियम लागू झाला आणि रंगभवनातल्या खुल्या मैफली थांबल्या. त्यानंतर हे संगीत बंद जागांमध्ये गेले आणि आमच्या पिढीने ते तिथेच ऐकले.

ठाण्यात राहून हे जमते का? गिग होतात कुठे?

जमते, पण प्रवासाची तयारी हवी. माझ्या वहीत नोंदलेल्या गिगपैकी बहुतांश लोअर परळ, खार आणि वांद्रे या पट्ट्यातल्या आहेत. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2007 पासून 2016 पर्यंत ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब चालू होता आणि माझ्या वयाच्या अनेकांनी पहिला चांगला आवाज तिथे ऐकला. अँटिसोशल ही तशीच जागा आधी खारला होती, नंतर तीही लोअर परळला आली. खारचे हॅबिटॅट बसून ऐकण्याच्या छोट्या कार्यक्रमांसाठी सोयीचे आहे, आणि महालक्ष्मीच्या जी-फाइव्ह-ए या संस्थेत श्रोते खरोखर शांत बसून ऐकतात. पवईच्या आयआयटीचा मूड इंडिगो महोत्सव डिसेंबरात असतो. तो आपल्याला कांजूरमार्ग स्थानकावरून अगदी जवळ पडतो आणि तिथल्या लाइव्हवायर या बँडस्पर्धेत देशभरातले होतकरू बँड एका जागी ऐकायला मिळतात. कॉलेजचे वय उलटलेल्यांनीही तिथे जावे, संकोच करू नये.

परतीचे काय? शेवटची गाडी चुकली तर?

ठाणे-नवी मुंबईच्या श्रोत्याचा हा मूळ प्रश्न असल्याने येथे थोडे सविस्तर लिहितो.

लोअर परळची गिग असेल, तर पश्चिम रेल्वेने दादरला येऊन पूल चढण्याची गरज नाही. चालत करी रोड स्थानक गाठावे आणि ठाण्याची किंवा त्यापुढची स्लो लोकल पकडावी. पाऊण तासाच्या आसपास ठाणे येते आणि त्या वेळी बसायलाही मिळते. खारहून मात्र दादरला गाडी बदलावीच लागते आणि दादरचा तो पूल रात्री अकरा वाजताही गजबजलेला असतो, म्हणून हाताशी पंधरा मिनिटे जास्त ठेवावीत. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या लोकांनी करी रोडहून स्लोने कुर्ला गाठून हार्बरची गाडी घ्यावी, किंवा खार-वांद्र्याहून निघताना हार्बरनेच वडाळा रोडला येऊन तिथे पनवेलची गाडी पकडावी. वाशीत गिग असेल, तर ठाणेकरांना 2004 पासून सुरू असलेला ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर मार्ग आहे, पण त्यावर रात्री उशिरा गाड्या विरळ होतात. वेळापत्रक बदलत असते आणि शनिवारी रात्री कधी कधी दुरुस्तीचा ब्लॉक असतो. त्यामुळे पाठांतरावर विसंबू नये, त्याच दिवशी एम-इंडिकेटर या अॅपवर पाहून घ्यावे.

माझा नियम असा आहे की शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी हीच आपली शेवटची गाडी मानायची. तिच्यासाठी गिगमधून केव्हा निघायचे हे मी घरून निघतानाच ठरवतो आणि ती वेळ आली की गाणे कोणतेही चालू असो, निघतो. जाहिरातीत आठ वाजता लिहिलेले असले तरी मुख्य बँड साडेनऊच्या आत क्वचितच चढतो. म्हणजेच मुख्य बँडचा शेवटचा अर्धा तास आपल्याला बहुतेक वेळा मिळत नाही. सुरुवातीची काही वर्षे मला याचे फार वाईट वाटत असे. हळूहळू मी याकडे उलट्या बाजूने पाहायला शिकलो: शेवट आपला नसेल, तर सुरुवात तरी पूर्णपणे आपली असली पाहिजे.

ओपनिंग करणारा, म्हणजे मुख्य बँडच्या आधी वाजवणारा, बँड ऐकायला इतक्या लवकर का जायचे? त्यांना तर कोणी ओळखत नसते.

ओळखत नसते म्हणूनच जायचे. आपण ज्याच्यासाठी तिकीट काढलेले असते त्याची गाणी आपल्याला पाठ असतात. तिथे आनंद असतो, पण तो ओळखीचा आनंद असतो. आधी वाजवणाऱ्याबद्दल आपले काहीच मत बनलेले नसते, जागा अर्धी रिकामी असते, पहिल्या रांगेत सहज उभे राहता येते आणि त्या पंचवीस-तीस मिनिटांत कलाकाराला चार-पाच गाण्यांत स्वतःची ओळख करून द्यायची असते. माझ्या संग्रहातले निम्म्याहून अधिक कलाकार मी अशाच अर्ध्या तासात पहिल्यांदा ऐकले.

जुलैतला एक गुरुवार सांगतो. पाऊस धरून होता, गाड्या उशिराने धावत होत्या आणि लोअर परळच्या एका जागेत मी मोजले तेव्हा बार सांभाळणाऱ्यांना सोडून एकोणीस माणसे होती. मंचावर एक मुलगी हार्मोनियम घेऊन खाली मांडी घालून बसली होती. एक मुलगा स्नेअर ड्रम आणि एका झांजेपुढे उभा होता. तिने हार्मोनियमजवळचा माइक गिटारवादक वापरतात तशा डिले पेडलमधून, म्हणजे आवाजाचे पडसाद उमटवणाऱ्या उपकरणातून, नेला होता. पेडलच्या बटणाशेजारी पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर पेनने तीन खुणा केल्या होत्या. प्रत्येक गाण्याआधी ती वाकून बटण त्या त्या खुणेवर आणत असे. दुसऱ्या गाण्यात तिने पट्ट्यांवरून बोटे उचलली आणि नुसता भाता हलवत राहिली. भात्याचा श्वास माइकने टिपला, पेडलने तो पुन्हा पुन्हा परतवला आणि काही क्षण ती सगळी खोलीच श्वास घेत असल्यासारखी वाटली. मुलाने झांजेच्या कडेवर काठी हलकेच टेकवली आणि त्याच श्वासाला ताल दिला. कोणी फोन बाहेर काढला नाही. गाणे संपल्यावर टाळ्या यायला दोन-तीन सेकंद लागले, कारण ते संपले आहे याची खात्री होत नव्हती.

त्या जोडीने वर्षभरातच एकत्र वाजवणे थांबवले. त्यांची दोनच गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि त्या दोन्हींत भात्याचे ते गाणे नाही. म्हणजे ते आता त्या रात्रीच्या एकोणीस जणांकडेच आहे. त्या दिवशी मुख्य बँडचा कार्यक्रमही उत्तम झाला असणार, पण मी चौथ्या गाण्यानंतर करी रोडकडे निघालो होतो आणि आज त्यातले मला काही आठवत नाही.

नवे कलाकार शोधण्याची तुमची पद्धत काय?

एका कलाकाराचा माग काढत दुसऱ्याकडे जावे, ही सगळ्यात भरवशाची रीत आहे. बँडमधला बास वाजवणारा किंवा ड्रमर आवडला, तर तो आणखी कोणाबरोबर वाजवतो हे पाहावे. आपल्याकडे चांगला ड्रमर एकाच वेळी तीन-चार बँडमध्ये असतो आणि त्याची निवड बहुधा चांगली असते. अल्बमवर ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करणाऱ्यांची नावे असतात, तीही वाचावीत. छोट्या जागेतला साउंड इंजिनिअर महिन्याला वीसेक बँड ऐकतो. कार्यक्रम संपल्यावर, तो वायरी गुंडाळून झाल्यावर, त्याला एकच प्रश्न विचारावा: 'या महिन्यात तुम्हाला कोण आवडले?' मला या प्रश्नाचे उत्तर नेहमी मनापासून मिळाले आहे आणि मी ते त्याच रात्री गाडीत बसून ऐकत आलो आहे.

सोफार साउंड्स ही 2009 मध्ये लंडनला सुरू झालेली चळवळ मुंबईतही कार्यक्रम करते. कलाकार कोण हे आधी सांगत नाहीत, पत्ताही अगदी शेवटी कळतो आणि कोणाच्या घरी किंवा कार्यालयात जमिनीवर बसून तीन कलाकार ऐकायचे असतात. ज्यांना आपली आवड एका चाकोरीत अडकल्यासारखी वाटते, त्यांनी हे अवश्य करून पाहावे.

स्पॉटिफाय 2019 मध्ये भारतात आल्यापासून नवे ऐकणे सोपे झाले हे खरेच आहे आणि मी ते रोज वापरतो. मात्र अॅपची शिफारस आपण आधी ऐकलेल्याच्या जवळपास फिरते. हार्मोनियम आणि डिले पेडल मला कोणत्याही अॅपने सुचवले नसते.

मराठीत गाणारे स्वतंत्र कलाकार आहेत का?

आहेत, आणि हा प्रश्न मला सर्वात जास्त आवडतो. अभंग रिपोस्ट हा बँड संतांचे अभंग बास गिटार आणि ड्रम्सच्या साथीने गातो. त्यांच्या कार्यक्रमात आजी आणि नात एकाच रांगेत टाळ्या वाजवताना मी पाहिल्या आहेत. अमरावतीचा हंड्रेड आरबीएच वऱ्हाडी ठसक्यात रॅप करतो. तो ज्या स्वदेसी या मुंबईच्या बहुभाषक गटातून पुढे आला, त्या गटाने आरेच्या जंगलावरच्या गाण्यात वारली कलाकार प्रकाश भोईर यांना सोबत घेतले होते. 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे 'तांबडी चामडी' हे मराठी हाउस, म्हणजे क्लबात नाचण्याच्या इलेक्ट्रॉनिक, संगीतातले गाणे नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रकाशित केले आणि ठाण्यातल्या हळदींपासून परदेशातल्या क्लबांपर्यंत ते वाजले.

माझे मत असे की मराठी श्रोत्याला गिग परकी वाटण्याचे कारण नाही. बैठकीत गवयाच्या समोर हातभर अंतरावर बसून, सम आली की मान डोलावणारी आपली माणसे आहेत. शाहिरी जलशांत गाणे आणि सांगणे एकत्रच चालत आले आहे. दिवाळी पहाटेला तलावपाळीच्या गर्दीत पहाटे साडेपाचला उभा राहणारा ठाणेकर रात्री साडेआठला लोअर परळला उभा राहू शकतो.

एकट्याने जावे का?

जावे. सोबत मिळण्याची वाट पाहत मी पहिली दोन वर्षे वाया घालवली. एकटे असलो की गप्पा होत नाहीत आणि ऐकणे जास्त होते. माझ्या ओळखीच्या अनेक मुली एकट्या जातात. त्यांचा सल्ला असा की पहिल्यांदा बसून ऐकण्याच्या जागेपासून सुरुवात करावी, परतीची गाडी आधी ठरवावी आणि घरी कोणाला तरी ती वेळ सांगून ठेवावी.

वयाची अट असते का?

महाराष्ट्रात बियरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षे ही वयोमर्यादा आहे. त्यामुळे मद्य मिळणाऱ्या बहुतेक जागा 21 वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत आणि दारात ओळखपत्र पाहतात. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी कॉलेज महोत्सव, नाट्यगृहांतले कार्यक्रम आणि घरगुती मैफली निवडाव्यात. पालकांनी पहिल्या वेळी सोबत यावे असे मी सुचवतो, कारण त्यातले काही जण पुढे स्वतःसाठी येऊ लागले आहेत.

आवाज फार मोठा असतो. कानांना त्रास होत नाही का?

होतो, आणि कायमचे नुकसान झाले तर ते भरून येत नाही, म्हणून हे गांभीर्याने घ्यावे. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या मोजमापानुसार 85 डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत चालतो, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. या हिशेबाने 100 डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि छोट्या खोलीत स्पीकरजवळ उभे राहिल्यास तिथवर पोहोचायला वेळ लागत नाही. मेडिकलच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग काहीच न लावण्यापेक्षा कितीतरी चांगले. संगीतासाठी बनवलेले इअरप्लग सूर तसाच ठेवून आवाज कमी करतात, तेव्हा महिन्यातून दोनदा जाणाऱ्याने ते घ्यावेतच. 2014 मध्ये एका गिगनंतर माझ्या डाव्या कानात तीन दिवस शिट्टी वाजत होती. चौथ्या दिवशी ती थांबली आणि पाचव्या दिवशी मी इअरप्लग विकत घेतले.

तिकिटाचे पैसे कलाकाराला मिळतात का? त्यांना खरी मदत कशी होते?

प्रत्येक जागेचा व्यवहार वेगळा असतो. कुठे ठरावीक मानधन देतात, तर कुठे दारावर जमलेल्या पैशांत वाटा असतो. कव्हर चार्ज, म्हणजे आत येण्यासाठी घेतलेली रक्कम, खाण्यापिण्यात वळता होत असेल, तर त्यातले बँडपर्यंत किती पोहोचते हे विचारून घ्यावे. ओपनिंग करणाऱ्यांना अनेकदा रिक्षा-टॅक्सीच्या खर्चापुरतेच मिळते. नुसत्या ऑनलाइन ऐकण्यातून नवोदिताच्या हाती फारसे काही लागत नाही: 2024 पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकले गेलेले गाणेच मानधनाला पात्र ठरते. म्हणून मी तीन गोष्टी करतो. तिकीट आधी काढतो, कारण आधी विकलेली तिकिटे पाहूनच जागेचा मालक त्या बँडला पुन्हा बोलावतो. दाराजवळच्या टेबलावरून टी-शर्ट किंवा सीडी घेतो, तिथले पैसे यूपीआयने बहुधा थेट बँडच्या खात्यात जातात. आणि अल्बम बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर असेल तर तो विकत घेतो. बँडकॅम्प डिजिटल विक्रीत 15 टक्के ठेवते, आणि मार्च 2020 पासून काही ठरावीक शुक्रवारी तेवढेही ठेवत नाही.

गिगमध्ये फोनवर चित्रीकरण करावे का?

एका गाण्याचे करावे आणि फोन खिशात ठेवावा. ओपनिंग करणाऱ्यांना तेवढे चित्रीकरण पाठवले तर त्यांना ते उपयोगी पडते.

ठाण्यात आणि नवी मुंबईत अशा गिग इतक्या कमी का?

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर 2019 मध्ये यू-टू आणि जानेवारी 2025 मध्ये तीन रात्री कोल्डप्ले वाजवून गेले. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह आपल्याकडे आहे. म्हणजे हजारोंच्या वरच्या गर्दीसाठी मैदान आहे आणि शेकड्यांनी बसणाऱ्यांसाठी नाट्यगृह आहे. शंभर माणसे उभी राहतील, ड्रम्स आणि अॅम्प्लिफायर कायमचे मांडलेले असतील, अशी खोली मात्र मिळत नाही. नाट्यगृहांच्या चांगल्या तारखा नाटकांना जातात आणि ते योग्यही आहे. उघड्यावर करायचे म्हटले तर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. सणासुदीच्या मोजक्या दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. उरतात ते मॉलमधले कॅफे.

एका कॅफेतला अनुभव मला विसरता येत नाही. पुण्याहून चार मुले स्वतःच्या खर्चाने आली होती. त्यांच्या मागच्या भिंतीवर मोठ्या पडद्यावर क्रिकेटचा सामना चालू होता आणि व्यवस्थापकाने समालोचनाचा आवाज बंद करायला नकार दिला. गायकाने अगदी हळू सुरू होणारे गाणे घेतले आणि पहिल्याच ओळीवर मागून चौकाराचा जल्लोष झाला. त्याने गाणे थांबवले नाही, पण उरलेला वेळ तो खाली, पायाजवळ चिकटवलेल्या गाण्यांच्या यादीकडे पाहत गायला. तेव्हापासून आपल्या भागातली गिग असली की मी आधी फोन करून विचारतो की पडदा चालू असणार का आणि बँड कुठे बसणार. ऐकणारे हे विचारू लागले, तर जागावाल्यांनाही त्याचे उत्तर तयार ठेवावे लागेल.

सध्या मला घरगुती मैफलींकडून जास्त आशा आहे. आमच्या सोसायटीच्या सभागृहात गेल्या वर्षी दोनदा कार्यक्रम केला. चाळीस सतरंज्या, दोन छोटे स्पीकर, ड्रम्सऐवजी कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी), सायंकाळी साडेसहा ते साडेआठ आणि दाराशी एक डबा. समितीची लेखी परवानगी घेतली आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांना आधी आमंत्रण दिले.

कार्यक्रमानंतर कलाकाराशी बोलले तर चालते का?

चालते, फक्त त्यांना सामान आवरू द्यावे. 'छान झाले' यापेक्षा नेमके काय आवडले ते सांगावे, कारण ते त्यांना ऐकायचे असते. त्या जुलैच्या रात्री मी हार्मोनियमवाल्या मुलीला भात्याबद्दल विचारले, तेव्हा तिने सांगितले की ते आधी ठरलेले नव्हते. पावसाने एक पट्टी फुगून अडकली होती, म्हणून तिने बोटे उचलली होती. मग तिने ती पट्टी मला दाबून दाखवली. ती खाली गेली आणि वर आलीच नाही.